मोडीत काढलेली दुनळी

परवान्याच्या पुस्तकात बंदुकीविषयी सगळे असते. बनावट कोणाची, नळ्या किती, बोर कोणता, नंबर काय, एका वेळी काडतुसे किती बाळगायची, वर्षाकाठी किती विकत घ्यायची, नूतनीकरण कधी झाले, सही कोणाची. आमच्या घरच्या दुनळीचेही असे पुस्तक होते. कडा कुरतडलेल्या, शिक्के जांभळे, आणि आजोबांचे नाव खोडून त्यावर वडिलांचे. शेवटी विक्रीची नोंद झाली, परवाना रद्द झाला आणि पुस्तकही जमा झाले. आमच्याकडे राहिली त्याची झेरॉक्स. परवा ती वाचायला घेतली तेव्हा लक्षात आले, की सरकारने या बंदुकीची सत्तर-पंचाहत्तर वर्षे जितकी नोंद ठेवली, तिथे आम्ही घरच्यांनी एका ओळीचीही ठेवली नाही. बंदूक विकल्याची हळहळ वाटते, हे खरे. पण कशाची हळहळ वाटते, ते नीट पाहिले पाहिजे.

साकोली तालुक्यातल्या धानाच्या गावातले आमचे घर. आजोबा चार आण्यांचे मालगुजार, म्हणजे गावाच्या मालकीत त्यांचा हिस्सा रुपयातला पाव. बंदूक त्यांनी नागपुरातून आणली. बर्मिंगहॅमची बनावट, बाराबोर, शेजारी शेजारी दोन नळ्या. बारा बोर म्हणजे काय, हे आम्हा मुलांना त्यांनीच सांगितले होते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड होईल, तेवढे नळीचे तोंड; आजच्या मापात साडेअठरा मिलिमीटर. नळ्या उघडल्या की त्यांच्या पोटाशी मुकुटाचे बारीक शिक्के दिसत. बर्मिंगहॅमला १८१३ पासून बंदुका तपासण्याचे घर आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून तिथे नळीतून बार काढतात, नळी टिकली तर शिक्का मारतात, फुटली तर भंगारात टाकतात. म्हणजे ही वस्तू जन्मालाच परीक्षा देऊन आलेली. तिकडच्या जुन्या कारखान्यांच्या वह्या अजून शाबूत आहेत. नळीवरचा नंबर कळवला तर बंदूक कोणत्या साली बनली आणि कोणाला विकली, हे कित्येकदा सांगता येते. आम्ही तो नंबर कधी कळवला नाही.

पण तिची खरी ओळख बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात नव्हती. ती होती दस्त्यावरच्या पितळी पट्टीत. आजोबांच्या हयातीत कधीतरी ती बैलगाडीवरून पडली आणि दस्ता मुठीपाशी चिरला. अक्रोडाचा नवा दस्ता आणायचा तर पुन्हा नागपूर गाठायचे. आजोबांनी भंडाऱ्याच्या एका तांबटाकडून चिरेभोवती पितळेचा पत्रा गुंडाळून घेतला. तीन बोटे रुंद पट्टी, बारा बारीक खिळे, आणि कडेला ठोक्यांची एक रांग, जशी पाण्याच्या पितळी गुंडाच्या गळ्याभोवती असते. बंदूक खांद्याला लावली की ती पट्टी गालाला गार लागे. विलायती वस्तूला भंडाऱ्याचे ठिगळ! त्या ठिगळानेच ती आमची झाली.

आता ती कशी गेली ते सांगतो, कारण यात खलनायक कोणी नाही. वडील गेले. आम्ही भाऊ तिघे. एक नागपूरला, एक पुण्याला, आणि गावाला अधूनमधून जाणारा मी. परवाना नावावर करायचा तर अर्ज, वैद्यकीय दाखला, पोलिसांची चौकशी, हेलपाटे. खरे तर ही वेळच यायला नको होती. परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, तर हयातीतच ते वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. वडील दोन्ही अटींत बसत होते. त्यांनी एकदोनदा विषय काढलाही, आणि आम्ही "बघू दिवाळीत" म्हणून तो बाजूला ठेवला. पुढे बरेच दिवस बंदूक ठाण्यात जमा होती. मग एकाने विचारले, "ठेवून करणार काय?" या प्रश्नाला तिघांपैकी कोणाकडे उत्तर नव्हते. उत्तर नसले की माणूस विकतो.

परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते, अशी १९५९ च्या शस्त्र कायद्यात तरतूद आहे. हे दिवस सरकारने आपल्या चौकशीसाठी ठेवलेले. विकणाऱ्यालाही ते विचार करायला मिळतात, पण आम्ही ते सही कोण करणार आणि पैसे कसे वाटायचे यात घालवले. जमीन विकताना सात-बारा दहादा वाचणारी माणसे आम्ही. या वस्तूसाठी कोणी तिच्याजवळ तासभर बसलेदेखील नाही. किंमत आली ती एका बऱ्या मोबाइलची. परदेशी बंदुकांची आयात १९८० नंतरच्या दशकात बंद झाल्यापासून जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव आभाळाला भिडले; दुनळीला मात्र फारसे कोणी विचारत नाही. ती लपवता येत नाही, मिरवायला जड, आणि शिकार तर कधीचीच बंद.

शिकारीचे नाव निघालेच आहे तर तेही लपवायला नको. जुन्या बंदुकीवर लिहिताना आपल्याकडे लेखणी लगेच पाझरते. पहाटेचे तळे, धुके, रानबदकांचा थवा, आजोबांचा अचूक नेम. हे सगळे होते. पण त्या नळीपुढे पडलेली चितळेही होती, आणि माजघरात शिंगांची रांगही होती. शिवाय मालगुजाराच्या ओसरीवर बंदूक टांगलेली असते ती काही केवळ जनावरांसाठी नाही. धान मागायला आलेल्या कुळाच्या नजरेला ती आधी पडावी, अशाच उंचीवर तिची खुंटी होती. वेठीला येणाऱ्यांनी त्या खुंटीकडे पाहून काय विचार केला असेल, ते आमच्या घरात कोणी विचारले नाही. बंदुकीची आठवण सांगायची तर ही आठवणही सांगावी लागेल. नाहीतर हळहळ ही नुसती मालगुजारीची उचकी ठरते.

ती मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. गावाचे रान गेले, कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव सरकारजमा झाले, आणि आज ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो त्या 'माजी मालगुजारी' नावात तेवढी ती व्यवस्था उरली. आमच्या घरात बंदूक राहिली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पूर्वी रानाचे ब्लॉक पाडून शिकारीचे परवाने देत. ते दार लागले. ते लागले हे उत्तमच झाले. नागझिरा आणि नवेगावची राने आज उभी आहेत, २०१३ मध्ये कोका अभयारण्य झाले, ते नळ्या थंड झाल्या म्हणून. वडिलांच्या हाती आल्यावर आमच्या दुनळीने एकही जनावर पाडले नाही.

मग ती करत काय होती? जागल. धान निसवले की रानडुकरांचे कळप उतरतात. एका रात्रीत बांधीची बांधी लोळवतात. खातात थोडे, तुडवतात फार. तुरीवर रोही, म्हणजे नीलगायी, येतात. वडील मचाणावर जागलीला जात आणि रात्रीतून एखादा बार आभाळात काढत. आमचा जुना राखणदार म्हणे, "मारासाठी नाई बापा, आमी जागे हावो म्हनून सांगासाठी." ते पितळेच्या बुडाचे काडतूस सकाळी वडिलांच्या खिशातून निघे, कारण खर्च झालेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब राहायचा. निवडणूक आली की बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून ठाण्यात जमा व्हायची. आई दारातून विचारी, "निंगाली का तुमची सासुरवासीन?" निकाल लागले, आचारसंहिता उठली की पावती दाखवून ती परत यायची. त्या पावत्या वडिलांनी एका बिस्किटाच्या डब्यात जपल्या होत्या. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. त्या डब्यातून जिल्ह्याच्या निवडणुकांचा इतिहास लिहिता आला असता. तो डबाही भाच्याने रद्दीत दिला.

आज त्या बांधीवर बंदूक नाही. डुकरे मात्र आहेत, आणि पूर्वीपेक्षा जास्त. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, वाट पाहणे, या चक्रात शेतकरी कावतो आणि मग काही जण कुंपणात वीज सोडतात. हा उपाय बंदुकीपेक्षा शतपटीने वाईट आहे. तार डोळे मिटून मारते. डुक्कर, चितळ, गाय, पहाटे परसाकडे निघालेला माणूस, तिला सगळे सारखे. नागझिऱ्यातून निघून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या रानात नावाजलेला जय वाघ २०१६ मध्ये बेपत्ता झाला. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच विजेच्या तारेने मेला. दुनळीचा बार चार शिवारांत ऐकू जायचा. कोणी काढला, का काढला, हे सकाळपर्यंत गावाला ठाऊक व्हायचे. तिला नंबर होता, नंबराला नाव होते, नावाला पत्ता होता. तारेला यातले काहीच नाही. ती रात्री लावायची, पहाटे गुंडाळायची. सगळ्यांच्या हाती पुन्हा बंदुका द्या, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण नोंद असलेले हत्यार माणसाला जबाबदार ठेवते आणि बिननोंदीचे त्याला मोकाट सोडते, एवढे तरी या दोन वस्तू शेजारी ठेवल्या की दिसते.

नोंदीचा हा विषय भंडाऱ्याला नवा नाही, आणि विसरण्याचाही नाही. या शहराची ओळखच पितळेची. नावही पितळेवरूनच पडले असे सांगतात. तांबटांच्या आळ्यांतून ठोक्यांचा आवाज दिवसभर येई. मग स्टील आले. घराघरांतल्या गुंड, घागरी, परातींची मोड झाली. वजन केले, घट धरली, बदल्यात चकचकीत डबे आले. त्या भांड्यांवर सुनेचे माहेर, लग्नाचे साल, कोणी आहेर दिला त्याचे नाव, असे सगळे टिंबाटिंबांनी कोरलेले असायचे. काट्यावर चढली तेव्हा त्या अक्षरांचे वजन शून्य. आज तीच माणसे शहरातल्या दुकानातून 'अँटिक' म्हणून बिननावाची घागर चौपट पैशांत आणून दिवाणखान्यात ठेवतात. आमच्या दुनळीचीही अशीच मोड झाली. पट्टीवर तांबटाचे नाव नव्हते, हे खरे; पण ते नाव वडिलांना माहीत होते. आम्ही विचारले नाही.

विचारणारी माणसे या जिल्ह्यात होऊन गेली. नवेगावबांध भंडारा जिल्ह्यात होते, १९९९ मध्ये गोंदिया वेगळा निघण्याच्या कितीतरी आधी, तेव्हा तिथे मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांच्या तोंडून त्यांनी रान ऐकले. पक्ष्यांची झाडीपट्टीतली नावे, वाटा, पाणवठे, जुन्या शिकारींच्या गोष्टी. जे ऐकले ते लिहिले. २०२५ च्या जून महिन्यात ते गेले, पण नवेगावचे ते दिवस पुस्तकांत राहिले. त्यांच्याही आधी, १९०८ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. तलाव, धान, जातीजमाती, सगळ्यांची मांडणी केली. गावाचे रिवाज आणि निस्ताराचे, म्हणजे रानातले लाकूड-चारा वापरण्याचे, हक्कही त्या काळच्या दफ्तरात लिहिलेले असत. परक्याने कर वसुलीसाठी लिहिले, वनाधिकाऱ्याने जिव्हाळ्याने लिहिले. घरच्यांनीच तेवढे लिहिले नाही.

माझ्या हळहळीचे मूळ इथे आहे. बंदूक परत हवी का, असे कोणी विचारले तर मी उत्तर द्यायला वेळ घेईन. तिजोरीसारखी सांभाळायची, दर निवडणुकीला पोचवायची, घरात लहान मुले. नको म्हणायला पुष्कळ कारणे आहेत. वस्तू विकणे हा गुन्हा नव्हे. तिची गोष्ट काढून न घेता ती विकणे, हा मात्र गुन्हाच. दस्ता कधी चिरला? ज्या रात्री वडील मचाणावरून उतरून दोन दिवस गप्प होते, त्या रात्री काय घडले? मालगुजारी गेली त्या दिवशी आजोबांनी ती खुंटीवरून काढून आत ठेवली म्हणतात, ती लाजेने, रागाने की शहाणपणाने? हे तिघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. परवान्याच्या झेरॉक्सवर यातले काही नाही. असणारही नाही.

दरम्यान मला एक खोड लागली आहे. जुन्या दुनळ्या आता बहुतेक सुरक्षारक्षकांच्या हाती दिसतात. बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेला, खाकीतला, मांडीवर बंदूक आडवी. नागपूर असो, भंडारा असो, मी आत जाताना पैशांआधी दस्त्याकडे पाहतो. मुठीपाशी पितळ दिसते का? आजवर दिसले नाही. एकदा एका रक्षकाने दरडावून विचारले, "क्या देख रहे हो?" काय सांगणार होतो? बारा खिळे मोजतोय, म्हणून?

ज्यांच्या घरात अशी बंदूक अजून आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले. भंडारा-गोंदियाच्या जुन्या वाड्यांत त्या अजून आहेत, आणि त्यांच्यावर दोन्हीकडून दाब आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेल्याही याच मोजणीत धरतात; आणि नव्या पिढीला परवान्याचा खटाटोप नको आहे. तेव्हा बऱ्याच दुनळ्या येत्या काही वर्षांत हलणार. त्यांना थांबवा, असे म्हणणे नाही. पण हलण्याआधी चार गोष्टी करता येतात. घरातली थोरली व्यक्ती सत्तरीच्या पुढे असेल तर वारसाच्या नावे करण्याचा अर्ज आजच करा, दिवाळीची वाट पाहू नका. बंदूक दुरुस्तीपलीकडे गेली असेल, म्हणजे कोणत्याही उपायाने चालवता येणार नसेल, तर अशा जुन्या, पुराणवस्तूच्या मोलाच्या शस्त्राला कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे; मात्र तसे स्वतः ठरवू नका, अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. ठेवायची नसेल तर काट्यावर घालण्यापूर्वी एखाद्या वस्तुसंग्रहालयाला विचारा. नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून या भागाच्या वस्तू सांभाळतो आहे. आणि विकायचीच असेल तर ते ४५ दिवस वाया घालवू नका. नळीवरचा नंबर, शिक्के, दस्त्यावरचा प्रत्येक ओरखडा यांचे फोटो काढा. मग आजीजवळ, काकाजवळ, जुन्या राखणदाराजवळ बसा, आणि जे सांगतील ते लिहा. ज्याच्या बापाने त्या खुंटीला भिऊन मान खाली घातली असेल, त्याच्याकडेही जा. त्याची दोन पाने तुमच्या दहा पानांपेक्षा मोलाची असतील.

आमच्या घरात आता खुंटी तेवढी आहे. तिला छत्री टांगतो.